सागवानी माडीचं पॉलिश आणि देखभाल, सातारा : पाचपैकी चार

आमचं घर चिमणपुऱ्यातलं, जुनं. खाली शहाबादी, वर माडीला सागवानी फळ्या. साताऱ्यात फर्निचरला पॉलिश मारणारे ढीगभर सापडतात, पण पायाखालच्या लाकडाचं काम जाणणारा माणूस शोधावा लागतो. आत्ता ज्यांच्याकडून काम करून घेतलं, त्या पॉलिशवाल्यांच्या आधी एकांना बोलावलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी वरवर घासून चकचकीत हात मारून दिला आणि वर्षाच्या आत कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटायला लागले.

या नव्या पॉलिशवाल्यांच्या मिस्त्रींनी आल्या आल्या टेप काढला नाही. पांढरं फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून खिडकीखालच्या फळीवर घासलं आणि माझ्यापुढे धरलं. पिवळट, चिकट झालेलं. "काकू, हे मेण. तुमच्या सासूबाईंच्या काळचं असणार. मेणावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, धरत नाही, म्हणून सुटलं ते." मग पाण्याचे थेंब टाकून बघितले. कपाटाजवळ थेंब तसाच उभा राहिला. दारातून जायच्या-यायच्या वाटेवर मात्र बघता बघता मुरला आणि लाकूड काळपट झालं. म्हणजे तिथलं पॉलिश पार झिजलेलं.

मला हे लोक आवडले ते त्यांनी नाही म्हटलेल्या कामांमुळे. एप्रिल-मेमध्ये आमच्या फळ्यांच्या फटीत रुपया उभा जातो. म्हटलं, लांबी (पुट्टी) भरून टाका. नको म्हणाले. पावसाळ्यात दमटपणाने फळ्या फुगतात, फटी आपोआप मिटतात आणि भरलेली लांबी चुरा होऊन वर येते. भरली असती तर बिलात लावता आली असती की! कुंडीखालच्या काळ्या डागाचंही तसंच. सागातल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, ओलाव्यात लोखंडाशी संबंध आला की असा डाग पडतो, आणि आमच्या कुंडीचं स्टँड लोखंडी. ऑक्झॅलिक ॲसिडने फिका होईल, पूर्ण जाणार नाही, असं आधीच सांगितलं होतं. तसंच झालं.

आधी मेण काढलं, मग मशीनने ४० नंबरचा जाडाभरडा पॉलिश पेपर, नंतर ८०, शेवटी १२०. कोपरे हाताने. आमच्या फळ्या अस्सल सागाच्या म्हणून एवढं घासता आलं. फ्लॅटमध्ये इंजिनिअर्ड वूड असेल तर वर खऱ्या लाकडाचा थर काही मिलिमीटरचाच असतो, आणि लॅमिनेटला तर पेपर लावायचाच नाही. पाण्यातल्या पीयूचे तीन हात दिले. वास फारसा नाही. आम्ही मॅट घेतलं, चकचकीतवर प्रत्येक ओरखडा दिसतो. मोजे घालून दुसऱ्या दिवशी चालता आलं, सतरंजी मात्र पंधरा दिवस अंथरू दिली नाही.

एक तारा कापला तो भुशासाठी. मशीनला पिशवी असते, पण कोपरे घासताना जो धुरळा उडाला तो कपाटातल्या साड्यांपर्यंत गेला. प्लास्टिक फक्त जिन्याच्या बाजूला लावलं होतं. शिवाय ठरल्या दिवशी आले नाहीत, फोनही नाही.

देखभालीचं मात्र नीट समजावलं, तेही मला नाही, थेट आमच्या मावशींना. आधी मऊ झाडू, कारण चपलेबरोबर आलेली रेती पायाखाली पॉलिश पेपरचंच काम करते. मग मायक्रोफायबरचं फडकं इतकं पिळायचं की पुसलेली जागा मिनिटभरात वाळली पाहिजे. पाण्यात लाकडी जमिनीचं न्यूट्रल क्लीनर, तेही थोडंसं. फिनेलची बादली, व्हिनेगर, वाफेचा मॉप, सगळं बंद. मावशी म्हणाल्या, "दादा, पाणी नाही तर पुसलं म्हणायचं कशाला?" मिस्त्रींनी वाद घातला नाही. फळीच्या कडेला जुन्या पाण्याने आलेला काळा पट्टा दाखवला. मावशी आता पिळतात, पण तोंड वाकडं करून.

खुर्च्यांच्या पायांना फेल्ट त्यांनीच लावून दिलं. रबरी पाठीची पायपुसणी काढायला लावली. रबराने पॉलिशचा रंग बदलतो म्हणे, आणि आमच्या दाराशी तो चौकोन होताच.

बोलवणार असाल तर जिन्याचा दर आधी विचारा. जमिनीचा चौरस फुटावर लावतात, जिन्याचा पायरीवर, आणि तो चांगलाच लागतो. कपाटांना जुन्या चादरी तुम्हीच बांधा.