होलोलेन्स २ आणि लिव्हरच्या गाठीचं ऑपरेशन: चष्मा कुठे कामाचा, कुठे वर करून ठेवायचा

होलोलेन्स २ म्हणजे मायक्रोसॉफ्टचा पारदर्शक काचेचा चष्मा, समोरच्या खऱ्या दृश्यात थ्रीडी चित्र दाखवणारा. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या ओटीसाठी तो घ्यायचा विचार असेल, तर आधी सीटीचं पाहा, कारण चष्म्यात दिसणारं लिव्हरचं मॉडेल सीटीवरूनच बनतं. पेशंट पिशवीतून फिल्म आणि रिपोर्ट घेऊन येतो. फिल्मवरून थ्रीडी मॉडेल बनत नाही. डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल हव्यात, त्याही १ मिमीच्या आसपासच्या स्लाइसच्या (कापांच्या). सीडीत बऱ्याचदा ५ मिमीचेच स्लाइस भरलेले असतात. त्यांवर शिरा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात आणि बारीक फांद्या गायब होतात. पातळ डेटा मशीनवर फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून स्कॅनच्या दिवशीच मागून घ्यावा. स्कॅन ट्रायफेजिकच हवा, म्हणजे शिरेतून औषध दिल्यावर ते आधी धमन्यांत (आर्टेरियल फेज), मग पोर्टल शिरेत (पोर्टल फेज) आणि शेवटी उशिरा, असा तीनदा काढलेला, आणि तिन्ही फेजला पेशंटने श्वास सारखाच धरलेला हवा. नाहीतर गाठ आर्टेरियल फेजमधून घेतली, शिरा पोर्टल फेजमधून, आणि दोघींची जागाच जुळली नाही, असं होतं.

मॉडेलसाठी थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. लिव्हरची कड ते बऱ्यापैकी आपोआप काढतं. गाठ शिरेला टेकलेली असते तिथे मात्र हमखास चुकतं, आणि निर्णय तर त्याच जागेवर अडलेला असतो. तो भाग रेडिओलॉजिस्टसोबत बसून हाताने दुरुस्त करावा. चष्म्याला झेपावं म्हणून मेश (मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी) हलकी करताना स्मूदिंग जास्त दिलं की बारीक शिरा तुटतात, लहान गाठ आणखी लहान होते. गाठ काढल्यावर उरणाऱ्या लिव्हरचं आकारमानही इथेच मोजून घ्या; पूर्ण लिव्हरच्या तुलनेत ते निरोगी लिव्हरला किमान २० ते २५ टक्के, केमो झालेल्याला ३०, सिरोसिस असेल तर ४०.

आता चष्मा. चिरा देण्याआधी तो खरंच कामाचा आहे. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) म्हणजे गिरणेचा कालवाच: मुख्य कालवा, त्याच्या शाखा, मग चाऱ्या. कुठली चारी बंद केली की कुठलं शेत कोरडं पडेल, हे स्क्रीनवर स्लाइस सरकवत डोक्यात जुळवावं लागतं. चष्म्यात मॉडेलभोवती चालत फिरलं की समोरच दिसतं. सेगमेंट आठच्या (लिव्हरच्या आठ भागांपैकी उजवीकडच्या वरच्या भागाच्या) फांद्या आणि मिडल हिपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी मधली शीर) यांचं नातं ज्युनिअरला समजावायला याहून सोपं साधन नाही.

रंग विचार करून द्या. हा चष्मा फक्त प्रकाश मिसळू शकतो, काळं काही दाखवू शकत नाही. पाठ्यपुस्तकातला गडद निळा-मरून ओटीच्या दिव्याखाली नाहीसा होतो. गाठ पिवळी, हिपॅटिक व्हेन आकाशी, पोर्टल गुलाबी ठेवली तर टिकते.

चित्र थेट पोटावर बसवून त्या रेषेवर कापायचं, हे जाहिरातीतलं दृश्य आम्ही विकत घेणार नाही. श्वासागणिक लिव्हर खाली-वर होतं, लिगामेंट सोडवून ते उचललं की आकारच बदलतो. मॉडेल मात्र सीटीच्या दिवसाचं. चित्र जागेवर बसवायला त्वचेवर खूण म्हणून लावलेला मार्कर पोट उघडल्यावर सरकतो, त्यासाठीच्या क्यूआर कोडवर रक्त सांडलं की कॅमेऱ्याला तो सापडत नाही. गाठीभोवती एक सेंटिमीटर मार्जिन (निरोगी भागाची कड) धरून काम करताना काही मिलिमीटरची चूकसुद्धा महागात पडते. शिवाय चष्म्याचा फोकस २ मीटरवर पक्का आहे आणि हात अर्ध्या मीटरवर. एका वेळी एकच स्पष्ट दिसतं, दहा मिनिटांत डोळे दुखतात. म्हणून मॉडेल जखमेवर न ठेवता समोर दीड-दोन मीटरवर टांगावं आणि मान वर करून पाहावं. कापण्याची रेषा इंट्राऑप अल्ट्रासाउंडच (ऑपरेशन चालू असताना थेट लिव्हरवर प्रोब ठेवून केलेली सोनोग्राफी) ठरवेल. तो प्रोब नसेल तर आधी तो घ्या, चष्मा नंतर.

बारीक त्रास पुष्कळ आहेत. टाका घालताना अंगठा आणि तर्जनी जुळली की चष्म्याला क्लिक वाटतं आणि मॉडेल भलतीकडे जातं, म्हणून ते जागेवर लॉक करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे ना, ते डेमोतच पाहावं. सक्शनच्या आवाजात व्हॉइस कमांड चुकते. डोळ्यांचं कॅलिब्रेशन प्रत्येकाचं वेगळं, ते स्क्रब होण्याआधीच (निर्जंतुक हात धुण्याआधीच) उरकावं. चष्मा ऑटोक्लेव्ह होत नाही (वाफेने निर्जंतुक करता येत नाही), त्यामुळे त्याला हात लावायचा तो फक्त बाहेरच्या सिस्टरने. काच वर उचलता येते, ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. वजन ५६६ ग्रॅम, बॅटरी डोक्यामागे असल्याने तोल बरा आहे, पण पूर्ण ऑपरेशनभर घालायची वस्तू नाही. फाइल आधीच चष्म्यात भरून ठेवा, ओटीतल्या वायफायवर विसंबू नका.

बाहेरचं दृश्य कॅमेऱ्यातून व्हिडिओवर दाखवणारे मेटाचा क्वेस्ट ३ किंवा अ‍ॅपलचा व्हिजन प्रो स्वस्त-महाग कसेही असोत, ते बंद पडले की डोळ्यांसमोर अंधार होतो. होलोलेन्स बंद पडला तर साधी काच उरते. पण होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्येच थांबलं आणि सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच आहेत. म्हणजे मिळेल तो उरलेला किंवा वापरलेला. कंपनी २ ते ३ तास चालतो म्हणते. वापरलेला घेताना पूर्ण चार्ज करून, मॉडेल उघडं ठेवून, घड्याळ लावून बॅटरी तपासावी आणि मगच पैसे द्यावेत.