फुकटच्या मांजराला बासष्ट हजार

आधी आकडे सांगतो, कारण लाज तिथंच जास्त वाटते. बुकिंगचे २,००० यूपीआयने. कर्जाची प्रोसेसिंग फी १,१८०. पाच-पाच हजारांचे ४ हप्ते, म्हणजे २०,०००. ‘अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढवायची फी’ ४,०००. पुढचे दोन हप्ते परत गेले म्हणून बँकेने दोनदा कापलेले ५९०, म्हणजे १,१८०. एकूण २८,३६०. बदल्यात १२० पैकी १७ तास झाले, आणि राहिलेल्या ४०,००० चा तगादा चालूच आहे. कोर्स होता मुलांना कोडिंग शिकवण्याचा. आणि मी जुळे सोलापुरात संगणकाचेच क्लास घेतो. हसा आता.

अशा कोर्सचा डेमो, म्हणजे नमुन्याचा तास, फुकट असतो आणि आई-बाप दोघांनीही हजर राहायची अट असते, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. (एकट्याला ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोय उरू नये, म्हणून ती अट.) तासाभरात पोराचा गेम तयार होतो, पोरगं ‘टॉप १० टक्क्यांत’ निघतं आणि १,२०,००० चा कोर्स आज रात्री बारापर्यंत ६२,००० ला मिळतो. यात नवीन काहीच नाही. मला जाळतंय ते वेगळंच.

गेम स्क्रॅचवर होता. स्क्रॅच म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सगळ्यांना खुलं केलेलं, नारिंगी मांजर असलेलं, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं साधन. तेव्हाही फुकट, आजही फुकट. त्यात दुसऱ्याचा प्रकल्प उचलून आपल्या खात्यात घेतला की नावामागे ‘रीमिक्स’ लागतं आणि मूळ करणाऱ्याचे आभार आपोआप छापले जातात. डेमो घेणाऱ्या मॅडमनी स्क्रीन दाखवली तेव्हा प्रकल्पाच्या नावात तो शब्द होता. मी तो वाचला. पोराने फक्त मांजराच्या जागी रॉकेट निवडलं आणि एका ठोकळ्यात १० चे २० केले. ‘हे सगळे ठोकळे पुसा आणि त्याला एकट्याला पुन्हा जोडू द्या’, एवढं एक वाक्य तोंडातून निघालं असतं तर खेळ तिथंच संपला असता. माझ्या क्लासात रोज हेच करायला लावतो मी पोरांना. पण इथं पोरगं खुर्चीवर उड्या मारत होतं, बायको टाळ्या वाजवत होती. कोणता बाप त्या घटकेला तोंड उघडतो, सांगा बघू.

कर्जाचा भाग नीट वाचा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे ६०,००० चे १२ हप्ते, व्याज शून्य, असं तोंडी सांगतात. करारात मात्र कर्ज ५३,४०० आणि व्याज ६,६०० होतं. म्हणजे क्लासवाल्याला ५३,४०० दुसऱ्याच दिवशी रोख मिळाले आणि शिकवायची घाई तिथंच संपली. तीन ओटीपी येतात: पहिला आधारच्या केवायसीचा, दुसरा कराराला संमतीचा, तिसरा खात्यातून दरमहा आपोआप पैसे काढायच्या मॅन्डेटचा. तिन्हींचे मेसेज वेगळे असतात. फोनवर ‘सर, नंबर सांगा पटकन’ चालू असताना ते कोण वाचतो? मॅन्डेटची मर्यादा हप्त्याएवढी नव्हती, १०,००० होती. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत माघारीची मुदत आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आमच्या करारात ती ३ दिवस होती. पहिला तास ठेवला आठव्या दिवशी. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

प्ले स्टोअरचं प्रकरण तर निव्वळ लूट. अ‍ॅप टाकायचं खातं उघडायची गूगलची फी एकदाच २५ डॉलर, आणि खातेदार १८ वर्षांचा लागतो. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ‘तुमच्या मुलाचं अ‍ॅप ७ दिवसांत लाइव्ह’ म्हटलं की समजावं, अ‍ॅप त्यांच्याच खात्यावरून जाणार आणि मुलाचं नाव फक्त वर्णनात येणार. ते अ‍ॅपही एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर या ठोकळ्यांच्याच साधनावर केलेलं, म्हणजे तेही फुकटचंच. पोराकडे मूळ प्रकल्पाची .एआयए फाइल मागा. ती नसेल तर अ‍ॅप त्याचं नाही.

किट आलं. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करायच्या बोर्डाची नक्कल, वायरी खोचायचा ब्रेडबोर्ड, दहा एलईडी, अंतर मोजायचा एचसी-एसआर०४ सेन्सर, एक एसजी९० सर्व्हो मोटर, वायरींचा झुपका. बाजारात सुटं घेतलं तर हजार-दीड हजारांत बसतं. नकली बोर्डावर यूएसबी जोडणीची सीएच३४० चिप असते. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकल्याशिवाय पोर्ट दिसतच नाही. दोन तास त्यातच गेले. शेवटी ड्रायव्हर मीच टाकला, आणि ते दोन्ही तास ‘झाले’ म्हणून मोजले गेले.

ही गोष्ट पूर्वी अशी नव्हती, म्हणून जास्त चीड येते. १९८४ साली केंद्राच्या ‘क्लास’ या शाळांतल्या संगणक साक्षरतेच्या प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. पोरांना प्रोग्रामिंगची गोडी लावायला लोगो भाषेतलं कासव होतं. १०० पुढे, ९० अंश उजवीकडे, असं चार वेळा केलं की चौकोन. लोगो तर १९६७ चा, आणि स्क्रॅचमधली मांजर त्याच कासवाची नात. २००१ पासून एमएस-सीआयटी आलं, तेव्हा भीती सरकारी नोकरी हुकेल अशी घातली जायची, पण निदान परीक्षा आणि प्रमाणपत्र तरी खरं असायचं. आता भीती ‘मूल मागे पडेल’ची. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावीपासून, आणायचं म्हटलंय. सेल्सवाली ते ‘सहावीपासून सक्तीचं, तिसरीतच उशीर झालाय’ असं वाचून दाखवते. त्याच वर्षी एका कंपनीच्या जाहिराती जाहिरात मानक परिषदेने मागे घ्यायला लावल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने आपोआप पैसे कापायच्या संमतीबद्दल पालकांना जाहीर इशारा दिला होता. मी तो तेव्हा वाचलाही होता. वाचून काय उपयोग झाला, ते वर लिहिलंच आहे.

परताव्याचं गणित ऐका. आम्ही ६२,००० ला १२० तास घेतले, म्हणजे तासाला ५१७ च्या आत. १७ तासांचे ८,७८३ होतात. त्यांनी तास लावला मूळ किमतीचा, १,००० चा. १७,०००, किटचे ९,५००, आणि १,२०,००० वर २० टक्के प्रशासकीय खर्च, २४,०००. ६२,००० तून उरले ११,५००. तेही रोख नाही, ‘पुढच्या कोर्सचं कूपन’.

मग दारोदार फिरणं. पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘क्लास घेतला ना थोडा? मग हा दिवाणी वाद, सायबरकडे जा.’ सायबरवाल्यांनी विचारलं, ‘ओटीपी तुम्हीच दिला ना? मग हा गुन्हा कसला?’ बँक म्हणाली मॅन्डेट कर्जवाल्यांनी रद्द करावं, कर्जवाले म्हणाले क्लासशी आमचा संबंध नाही. क्लासचा नंबर बंद, ईमेलला उत्तर यंत्राचं. लेखी नकार द्या म्हटलं तर कुणीच देत नाही. ‘साहेब आल्यावर या.’ साहेब कधी येणार? ‘येतील की.’ चार चकरा, विजापूर रोडवरून रिक्षाने, मे महिन्याच्या उन्हात. एका साहेबांनी तर ‘तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवाले ना?’ विचारलं आणि शेजारच्याकडे बघून हसले. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

मॅन्डेट बँकेकडून रद्द होतं. यूएमआरएन, म्हणजे मॅन्डेटचा नोंदणी क्रमांक, लिहून अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. मात्र नुसता हप्ता थांबवला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो, म्हणून त्याच दिवशी कर्जवाल्याला लेखी वाद कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘न्यायक्षेत्र बंगळूर’ असं करारात असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो, रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. कॉलचं रेकॉर्डिंग पुसू नका. डेमोचा स्क्रीनशॉट घ्या, रीमिक्स शब्दासकट.

करारातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘दार बंद’ शेऱ्यासह परत आली. पाकीट तसंच ठेवलंय. तुमचं आलं तर फोडू नका, आयोगापुढे बंद पाकीटच द्यायचं असतं.