जुन्या गाडीसाठी ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन गरम झाले की आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना) थरथरायचे आणि मधूनच बंद पडायचे, वेग घेतल्यावर मात्र तक्रार नाहीशी व्हायची. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारे उपकरण, जोडताच पी०३०० हा मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा) कोड मिळाला; पण हा कोड लक्षण सांगतो, सदोष भाग नव्हे. निव्वळ कोड वाचून प्लग आणि कॉइल बदलत बसणे मला पटत नाही. या उपकरणाचे खरे मोल चालू इंजिनच्या आकड्यांत आहे.

इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) हवेची गळती असती, तर हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या या गाडीत फ्युएल ट्रिम (संगणक इंधनाच्या प्रमाणात करतो ती दुरुस्ती) आयडलिंगला बराच वर गेला असता आणि २५०० आरपीएमला शून्याकडे उतरला असता. तसे दिसले नाही. उलट, ईजीआर व्हॉल्व्हला (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेला) उघडण्याचा आदेश शून्य टक्के असूनही इनटेक मॅनिफोल्डमधला दाब नेहमीपेक्षा जास्त होता, म्हणजेच जळालेला वायू नको त्या वेळी आत येत होता. व्हॉल्व्ह उतरवल्यावर त्याच्या बैठकीत काजळीचा खडा अडकलेला सापडला; तो काढून, नवे गॅस्केट घालून बसवल्यावर आयडलिंग स्थिर झाले.

पुढे पी०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याचा कोड आला. येथे स्कॅनरची मर्यादा उघड झाली: माझा स्कॅनर आकडे वाचतो, पण व्हॉल्व्ह स्वतः उघडू शकत नाही. हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालणारा असल्याने हातपंपाने तो आयडलिंगला उघडून पाहिला. इंजिन अडखळायला हवे होते, तसे ते अडखळले नाही. व्हॉल्व्ह हलत होता, पण पुढचा मार्गच काजळीने बुजला होता. असा ईजीआर कायमचा बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अजिबात मान्य नाही, कारण ज्वलनाचे तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड रोखणे हेच त्याचे काम आहे. मार्ग खरवडून साफ केला, तेवढे पुरे झाले.

ब्लूटूथवरून एकाच वेळी बरेच आकडे मागितले तर स्कॅनर रेंगाळतो, म्हणून तीन-चारच निवडावेत. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) लिहून घ्यावी, कारण पुसताच ती जाते आणि उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. स्कॅनर जोडतो त्या सॉकेटला गाडी बंद असतानाही वीजपुरवठा चालू राहतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवावा.