होस्टाच्या नादात 4,699 रुपयाला गंडलो, बघा बाबांनो

लिहायला लाज वाटतीय. सतरा वर्षं कुंड्यांत हात घालतोय, प्रदर्शनात दोनदा बक्षीस घेतलंय, आणि तरी गंडलो. नागाळा पार्कात आमच्या फणसाखाली गच्च सावली, तिथं काहीच टिकत नाही, म्हणून होस्टा, म्हणजे सावलीत वाढणारं शोभेच्या पानांचं झाड, त्यातला 'माईटी माऊस' पाहिजे होता. वीतभर झाड, निळसर हिरवं जाड पान, भोवती क्रीम कड. 2008 चा 'होस्टा ऑफ द इयर' ठरलेल्या 'ब्लू माऊस इअर्स'चंच हे भावंड. एका पेजच्या रीलमध्ये दिसला आणि मी खुळ्यागत त्या पेजवाल्याला मेसेज केला.

तीन रोपं 950 प्रमाणं 2,850, पॅकिंग-कुरिअर 350. चार दिवसांनी फोन, "सर, माल इम्पोर्टेड आहे, क्वारंटाईन चार्ज 1,499 भरा, डिलिव्हरीला रिफंड." तेही भरले! आधीचे 3,200 अडकलेले, तुम्ही काय केलं असतं? (सरकारी फी कुणाच्या पर्सनल क्यूआरवर जात नसते, हे आता कळतंय.)

पण डोकं फिरतंय ते वेगळ्याच गोष्टीनं. पैसे पाठवायच्या आधी मीच विचारलं होतं, कोल्हापूरच्या हवेत जगंल का? तर म्हणाला, "बारमाही हिरवं राहतं सर, टेन्शन नको." अरे, होस्टा थंडीत पानं टाकून झोपतो, जपान-कोरियाकडचं झाड ते, त्याला कित्येक आठवडे 4-5 अंशाचा गारठा लागतो, आणि आपल्याकडं पारा 10 ला आला तरी पेपरात बातमी येते. हे मी आदल्या रात्रीच वाचलेलं! वाचलेलं असून मनाला म्हटलं, फ्रीजमध्ये ठेवू की हिवाळाभर. तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता.

खोक्यात निघाले कांद्यासारखे कंद, पानांवर काळपट ठिपके. ड्रिमिऑप्सिस! शेजारच्या काकूंकडं बादलीभर आहे. होस्टाला असला कंद नसतो, आखूड खोड आणि जाड दोऱ्यागत मुळं असतात, एवढं तरी ध्यानात ठेवा. त्याला फोटो पाठवला तर म्हणे कड दोन महिन्यांनी येते. मग ब्लॉक.

बँकेत गेलो, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" चौकीत गेलो तर साहेब हसले, "झाडासाठी आलाय व्हय?" मग सायबरला जा, सायबरवाले म्हणाले आधी ऑनलाईन करा, ऑनलाईन केलं तर पुन्हा चौकीतून फोन, स्टेटमेंटची झेरॉक्स आणा, नेली तर साहेब बंदोबस्ताला. तीन अर्धे दिवस रजा गेली, त्याचे पैसे यात धरलेलेच नाहीत. रक्कम लहान आहे म्हणे. माझ्या खिशातनं गेलीय, तुमच्या नाही! फसलात तर तासाभरात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करा, मी लाजेनं नऊ दिवस घालवले. आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

त्याच पेजवर आता निळ्या-लाल होस्टाचं बी आलंय, 299 ला 50 दाणे. तसला होस्टा जगात नाही, आणि कडेची जात बियांतून तशी उगवतही नाही. खाली कमेंटमध्ये लोक पिनकोड टाकतायत.