एक्स्टेन्शन ट्यूब: काच नाही, तक्रार मात्र आहे (काही महिन्यांच्या वापरानंतर)

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपण्यासाठी कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी. माझा १२, २० आणि ३६ मिमी लांबीच्या तीन ट्यूबचा संच. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतील, म्हणून थेट लेन्स अडकवणाऱ्या खटक्यावर येतो. लेन्स चढवली की 'टक्' वाजतं आणि आपण समजतो, बसली. कसली बसते! ३६ च्या ट्यूबमध्ये लेन्स केसभर डावी-उजवी फिरते, कॅमेरा आणि लेन्सला जोडणाऱ्या विजेच्या पिना सरकतात आणि स्क्रीनवर एफ ८ च्या (लेन्सच्या छिद्राच्या आकड्याच्या) जागी नुसती शून्यं. तिन्ही एकावर एक चढवल्या की हा प्लेही (ढिलेपणाही) तिप्पट. त्यामुळे डाव्या अंगठ्याने लेन्स सतत एका बाजूला रेटून धरायची, हे मॅन्युअलमध्ये नसलेलं आसन मला करावं लागतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: 'आमच्याकडे व्यवस्थित चालतंय.' टेबलावर सरळ ठेवून चालणारच. पानाच्या खालच्या बाजूला बसलेल्या कोळ्यासाठी कॅमेरा उलटातिरका करून बघा म्हटलं, तर म्हणे 'तसा वापर अपेक्षित नाही.' अहो, मग ही ट्यूब काय पासपोर्ट फोटोसाठी आहे? व्हिडिओ पाठवले, मेलवर मेल केले, तेव्हा कुठे ३६ ची बदलून मिळाली. नवीत प्ले कमी आहे. गेलेला नाही.

एवढं असूनही संच विकलेला नाही, कारण बाकीचा हिशेब फायद्याचा आहे. ट्यूबमध्ये काचच नसते, त्यामुळे स्वस्त काच मध्ये घालून चित्र बिघडवण्याचा प्रश्न येत नाही. ५० मिमीच्या लेन्सला तिन्ही ट्यूबचे मिळून ६८ मिमी जोडले की अनंतावर फोकस असतानाही १.३६ पट मोठेपणा मिळतो. त्याची किंमत प्रकाशात चुकवावी लागते: एफ ८ लावलं तरी प्रत्यक्षात एफ १९ च्या आसपासचा उजेड. फोकसची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर. उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे धारदार आले की मागचे पाय धूसर होणार, हे धरूनच चालायचं. ऑटोफोकस बंद करून स्वतःच पुढेमागे डोलायचं. बरं, तो कोळीही वळून लेन्सकडे रोखून बघतो!

वरचा भाग लिहून बरेच आठवडे झाले. तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो, ३६ चीच कामाची, १२ ची भरतीची. आता उलट झालंय. १२ ची कॅमेऱ्यावरून उतरत नाही. फ्रेमभर डोळा म्हणजे प्रयोगशाळेतला नमुना. कौतुक दोन मिनिटांचं. १२ वर देठाचा बाक, त्यावर माव्याची (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडींची) रांग आणि मध्ये एकच मुंगी, एवढं मावतं. ती मिशांनी माव्याला थोपटते, त्याच्या मागून गोड चिकट थेंब येतो आणि ती तो टिपते. तो थेंब फ्रेममध्ये टाचणीच्या डोक्याएवढाच दिसतो, पण नजर तिथेच जाते. उरलेली फ्रेम रिकामी सोडायला मी या ट्यूबमुळे शिकलो.

फ्लॅशबद्दल एक चीड. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून मागची झाडं काळीठिक्कर पडतात, आणि लोक त्यालाच कला म्हणतात. भरदुपारी बागेत अमावास्या! कीटकामागे वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन धरा, फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्युझर लावा, हिरवा उजेड मिळतो. पहाटे तर फ्लॅशही लागत नाही. गारठलेले कीटक ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. फोटोसाठी त्यांना फ्रिजमध्ये घालणाऱ्यांनी थोडं लवकर उठावं.

घेणार असाल तर पैसे देण्याआधी लेन्स चढवून, कॅमेरा उलटा करून हलवा. शून्यं दिसली तर तिथेच परत करा. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. एक खटक्याचा कापला, एक 'अपेक्षित नाही'चा.