डंपवर कुरण करायचंय: दिनानाथ-स्टायलो पेरायचं की मारवेलचे ठोंब लावायचे?

वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीशेजारी मातीदगडाचे जे डोंगर दिसतात त्याला आम्ही डंपच म्हणतो, आणि बहुतेक डंपवर पावसाळ्यात झाडं लावून फोटो काढून काम संपतं. पण जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने (सरन्यायाधीश तेव्हा बोबडे, आपले नागपूरचेच) सांगितलं की खाणकाम संपल्यावर लीजवाल्याने तिथे गवत लावून जमीन चारा उगवण्यालायक करून द्यायची, अशी अट लीजमध्येच टाका. म्हणजे गावाने गवत मागायला हरकत नाही. प्रश्न आहे कोणतं गवत: दिनानाथ गवत आणि स्टायलो हे चाऱ्याचं द्विदल पीक मिसळून पेरायचं, की मारवेल गवताचे ठोंब लावायचे.

आधी एक पहार घेऊन वर जा. काळी माती नीट पसरली असेल तर पहार वीतभर तरी आरामात जाते, नसेल तर दोन बोटांवर खण्णकन वाजते, कारण खाली शेल (चिकणमातीचा थरथरांचा खडक) आणि वाळूखडक, त्यावर डंपर फिरून फिरून झालेला रस्ता. निम्मा निर्णय इथेच होतो, बाकी चर्चा नंतर.

दिनानाथ-स्टायलो पेरणीला स्वस्त आणि पहिल्याच पावसात हिरवंगार. स्टायलो द्विदल असल्यामुळे हवेतला नत्र जमिनीत आणतं आणि डंपच्या मातीत नत्र जवळपास नसतोच, म्हणून मला ते फार आवडतं. बी मात्र कडक असतं, 80 अंशाच्या पाण्यात 4-5 मिनिटं ठेवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. दिनानाथचं बी कापसासारखं हलकं, ओल्या मातीत कालवूनच फेका. आम्ही पहिल्या वर्षी उतारावर तसंच फेकलं, पहिल्या जोरदार सरीत सगळं वाहून गेलं आणि पंधरा दिवसांनी डंपच्या पायथ्याशी हिरव्या गवताची एक सरळ रेघ, वर टक्कल! तेव्हा आधी आडवे चर मारा. दुसरी खोट म्हणजे दिनानाथ वर्षायू आहे, हिवाळ्यात वाळून काडी होतो, फुलोऱ्याआधी कापला तरच ढोरं मन लावून खातात, पण सगळाच कापला तर पुढच्या वर्षीचं बी कुठून येणार, म्हणून काही पट्टे सोडायचे.

मारवेल बहुवर्षायू. एकदा धरला की दरवर्षी फुटतो, माती धरून ठेवतो, वाळला तरी गुरं आवडीने खातात, चवीत दिनानाथ त्याच्यापुढे काहीच नाही. राहुरी विद्यापीठाच्या फुले मारवेलचे ठोंब लावता येतात. पण मजुरी लागते, पहिल्या वर्षी निंदण लागतं आणि नुसत्या दगडात तो तग धरत नाही, काळी माती हवीच. ठिकाण हलकं, रेताड असेल तर मारवेलऐवजी अंजन गवत, फक्त पाणी साचू देऊ नका.

मग काय करायचं? पहार वाजली तर दोन वर्षं दिनानाथ-स्टायलो, तिसऱ्या वर्षी मधेमधे मारवेल. माती असेल आणि सपाट असेल तर सरळ मारवेल, दर दोन ओळींनंतर स्टायलोची एक. दोन्हीत शेणखत द्या, नीरीने (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) आणि जिवाणू खतं वापरून झाडं जगवली होती, तुमच्याजवळ कारखाना असेल तर चौकशी करा. सुबाभूळ कुंपणाला ठीक, पण एकट्या त्याच्या पाल्यावर जनावर ठेवू नका, पाल्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकामुळे केस गळतात.

दोन पावसाळे चराईबंदी हवीच, कापून न्या पण सोडू नका. हे पाळणार कोण ते ग्रामसभेत आधी ठरवा, कारण शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या एका दुपारी ठोंब मुळासकट उपटतात, हे मी डोळ्याने बघितलंय. आणि तिसऱ्या वर्षी ढोरं वर गेली की पाणी प्यायला खाणीच्या खड्ड्यावरच उतरणार, त्या पाण्याचा रिपोर्ट लॅबमधून आत्ताच काढून घ्या.