हान्सलिक वाचायचाय? मग भाषांतर पारखून घ्या

व्हिएन्नाचा संगीतसमीक्षक एदुआर्द हान्सलिक याचं ‘फोम मुझिकालिश-श्योनन’ (संगीतातल्या सौंदर्याविषयी) हे छोटेखानी पुस्तक १८५४ साली लाइपझिगहून निघालं आणि नुसतं वाद्यसंगीत भावना व्यक्त करतं का, हा वाद पुढची कित्येक वर्षं धगधगत राहिला. जर्मन येत नसेल तर इंग्रजीत तीन भाषांतरं आहेत: गुस्ताव कोहेन (१८९१), जेफ्री पेझंट (१९८६) आणि रॉथफार्ब-लांडरर (२०१८).

कोहेनचं नेटवर फुकट मिळतं, पण घात तिथेच होतो. सगळं पुस्तक एका वाक्यावर उभं आहे: ‘टोनेंड बेवेग्टे फॉर्मेन’, म्हणजे नादातून हलते झालेले आकार, हाच संगीताचा आशय. कोहेनने त्याचं ‘संगीताचं सार म्हणजे ध्वनी आणि गती’ केलं. आकारच गळाला! ध्वनी आणि गती धबधब्यातही असते. हान्सलिकचा सगळा भर रचनेवर आहे. पेझंट आणि रॉथफार्ब-लांडरर दोघांनीही आकार जागेवर ठेवला आहे. त्यातही २०१८चं घ्यावं, कारण सुरुवातीचे लेख संज्ञा नीट उलगडतात.

प्रकरणं सात. दुसरं आणि तिसरं सावकाश वाचा. दुसऱ्यात बेथोव्हेनच्या ‘प्रोमिथियस’ ओव्हर्चरचा (नाट्याआधी वाजणाऱ्या वाद्यवृंदरचनेचा) नमुना आहे. रेकॉर्डिंग लावताना सुरुवातीचा संथ भाग ओलांडून जलद भागाशी या. हान्सलिक बोलतो ते तिथल्या पहिल्या आठ मापांबद्दल (तालाच्या आठ आवर्तनांबद्दल), नाहीतर वर्णन आणि कानावर पडणारं जुळतच नाही. त्याच प्रकरणात ग्लुकच्या ‘ऑर्फे’ या ऑपेरामधली, ऑर्फेने पत्नी युरिदिससाठी केलेल्या विलापाची चाल येते. ‘मी युरिदिस गमावली’च्या जागी ‘मला युरिदिस सापडली’ घाला, चाल तितकीच चपखल बसते. त्याचं म्हणणं असं की संगीत भावनेची फक्त गती दाखवू शकतं: वेग, चढ-उतार, जोर, ओसरणं. दुःख की आनंद, ते शब्द ठरवतात. युक्तिवाद पक्का वाटतो, पण विलापाची चाल मेजरमध्ये, म्हणजे एरवी आनंदी वाटणाऱ्या स्वरसप्तकात आहे, हे विसरू नये. दुसऱ्या एखाद्या गाण्यावर हा प्रयोग इतका सहज जमेलच असं नाही.

नेहमीची चूक म्हणजे ‘हान्सलिकला संगीतात भावनाच नको होती’ असा निष्कर्ष. ऐकणाऱ्याच्या मनात भावना उठतात हे तो नाकारत नाही. सौंदर्याचं माप त्या भावनांवरून काढायला त्याचा विरोध आहे. चौथं-पाचवं प्रकरण गाळलं की हा फरक हातून निसटतो.

उणीव एकच, पण मोठी: विरोधी बाजू इथे हान्सलिकच्याच तोंडून ऐकू येते. संगीतकार बर्लिओझच्या ‘हॅरॉल्ड’ सिम्फनीवरचा, संगीतकार फ्रान्झ लिस्टचा १८५५चा लेख सोबत ठेवा. संगीताला काव्याची जोड का हवी, हे तिथे तितक्याच तळमळीने मांडलंय.